अठरा दात्यांची घाटी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आजही आमच्या तिठ्यावरच्या सायकलवाल्या मेस्त्रींकडे बोट दाखवीन. आईवडिलांचं मी यात धरत नाही, त्यांचं मोजायचं नसतं. मेस्त्री ना नात्याचे, ना आमच्या वाडीतले. तिठ्यावर पत्र्याची शेड, तिच्या तुळईला टांगलेली जुनी चाकं, खाली रॉकेलच्या डब्यात भिजत घातलेले बेअरिंगचे छर्रे, आणि या सगळ्याच्या मध्ये पाटावर बसलेला एक किडकिडीत माणूस, एवढंच त्यांचं दुकान. त्या दुकानातून मला जी सायकल मिळाली, तिच्यामुळे मी पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला.

हे मी अनेकदा अनेक ठिकाणी सांगितलं आहे. या वर्षी मात्र ते सांगताना माझी जीभ अडखळते. का, ते इथे लिहून ठेवतो.

आमचं गाव धामापूरच्या बाजूला, कॉलेज मालवणात. बारावीपर्यंत भागलं. बी.एस्सी.ला प्रॅक्टिकल सुरू झाली आणि एसटीचा मेळ बसेना. सकाळची गाडी उशिरा पोचवायची आणि संध्याकाळची मी प्रयोगशाळेतून सुटायच्या आधी निघून जायची. बाबा एके दिवशी मला घेऊन तिठ्यावर गेले. त्यांचं आणि मेस्त्रींचं बाजूला काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. पंधरा दिवसांनी सायकल तयार झाली. एका सायकलीची फ्रेम, दुसरीचं हँडल, तिसरीची चाकं, पण सगळ्याला एकच हिरवा रंग. रंग त्यांनी स्वतः लावला होता, ब्रशाचे पट्टे दिसत होते.

मेस्त्रींनी मला सायकल समजावून सांगितली. पुढे पायडलच्या मोठ्या चक्राला चव्वेचाळीस दाते. मागे फ्रीला, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या छोट्या चक्राला, अठरा.

"अठरा जड जाता," ते म्हणाले. "पण पाय घट होतत. तुझ्या पायात दम आसा. चढशीत."

मग त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे घराचा वासा चढो, होडी पाण्यात जावो की नवी पंपाची मोटार बसो, गाऱ्हाण्याशिवाय काम सुरू होत नाही. टपरीवरची काकी हातात नारळ घेऊन उभी राहिली. रिक्षावाला आणि टपाल वाटणारा माणूस, तेही आले. मेस्त्रींनी डोक्याला पंचा बांधला, डोळे मिटले.

"बा म्हाराजा, हो झील आज तुझ्या पायाकडे सायकल घेवन उभो आसा. घरातलो पयलोच कॉलेजात चललो. वाटेत जां काय आडवा-उभा येयत, तां बाजूक कर. घाटी तेका न उतरता चढांदे. शिकान मोठो होवांदे, आणि मोठो झाल्यार तेका मागची वाट इसरूक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

गाऱ्हाणं झालेली वस्तू तपासायची नसते, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, ते असतंच. सुताराने बसवलेल्या दाराला गाऱ्हाण्यानंतर कोणी ओळंबा लावत नाही. लावला तर तो सुताराचा अपमान आणि देवाचाही. आम्ही नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि मी सायकलवर बसलो.

वाटेतली घाटी फार लांब नाही. जांभ्या दगडातून कापलेला रस्ता, दोन वळणं, आणि दुसऱ्या वळणानंतर एक असा चढ की भरलेला टेम्पोही तिथे पहिल्या गिअरवर येतो. पहिल्या आठवड्यात मी रोज दुसऱ्या वळणावर उतरलो. दुसऱ्या आठवड्यात एकदा नाही उतरलो. महिन्याभराने उतरणं थांबलंच. कॉलेजातून घरी येताना ही घाटी लागायची आणि ती संपली की तिठा. मी घामाने निथळत तिठ्यावर यायचो, तेव्हा मेस्त्री पाटावरून मान वर न करता विचारायचे, "उतरलंस?"

"नाय."

"दम आसा तुझ्या पायात," असं म्हणून ते पुन्हा कामाला लागायचे.

हे तीन वर्षं चाललं. आज मला वाटतं, मी त्या चार शब्दांसाठीच घाटी चढत होतो. पहिल्या वर्षी फिजिक्समध्ये नापास होता होता राहिलो, तेव्हा घरी कोणाला त्यातलं काही कळत नव्हतं. कॉलेजातल्या इतर मुलांचे वडील सरांना भेटायला यायचे. माझे बाबा कॉलेजच्या फाटकापर्यंत एकदा आले आणि बाहेरूनच परत गेले. मी मनाशी म्हणायचो, जो अठरावर घाटी चढतो त्याला फिजिक्स का जमू नये? आणि खरंच जमलं.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचं काम आहे. मागच्या चाकाचा एक स्पोक सैल झाला होता. मी त्याला तारेचा तुकडा गुंडाळला. त्या तारेचं टोक मडगार्डच्या दांडीला घासायचं आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला टक असा आवाज व्हायचा. चढावर पाय न थांबता फिरत असायचे. एक पायडल, दोन टक. मी त्या तालावर मूलद्रव्यांच्या संयुजा पाठ करायचो. हायड्रोजन एक, ऑक्सिजन दोन. टक, टक. रसायनशास्त्राचा अर्धा अभ्यास मी त्या घाटीवर केला. मेस्त्री एकदा म्हणाले, "ती तार काढतंय." मी म्हटलं, "राहूंदे, माका बरी लागता."

पदवी मिळाली, मग बी.एड. आता मी घाटीच्या वरच्या अंगाला असलेल्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवतो. ही नोकरी मला मिळाली त्या दिवशी मी आधी तिठ्यावर गेलो होतो आणि मग घरी.

शिक्षक झाल्यावर ही गोष्ट माझ्या शिकवण्याचा भाग झाली. दर जूनमध्ये नवीन वर्ग आला की गुणोत्तर शिकवताना मी फळ्यावर सायकल काढायचो. पुढे चव्वेचाळीस, मागे अठरा. चव्वेचाळीस भागिले अठरा, दोन पूर्णांक चव्वेचाळीस. पायडलची एक फेरी झाली की मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. जितक्या जास्त वेळा, तितकं पायाला जड. आणि शेवटी मी म्हणायचो, "यावर मी रोज ही घाटी चढलो, पाठीवर दप्तर घेऊन. गिअरचं काही नसतं. पायांचं असतं." मुलं गप्प होऊन ऐकायची. मला ते आवडायचं, हे खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगी होती. घाटीच्या खाली राहणारी, हुशार, अक्षर सुरेख. सरकारी योजनेतली सायकल तिला मिळाली होती. ती रोज घाटी चालत, सायकल ढकलत यायची आणि पहिल्या तासाला दहा मिनिटं उशीर करायची. पहिला तास माझा. एके दिवशी मी तिला दारातच थांबवलं.

"उतरतेस कुठे?"

"दुसऱ्या वळणावर, सर."

"उतरायचं नाही. मी अठरावर चढत होतो. तुझीही अठराच आहे. पायात दम आणायचा."

वर्ग हसला. मी हसू दिलं. मला वाटलं, हिला लागेल आणि ही चढेल. मला मेस्त्रींच्या एका शब्दाने लागायचं, तसं. आठवड्याभराने तिने सायकल आणणं बंद केलं. ती एसटीने यायला लागली. एसटी पहिला तास अर्धा झाल्यावर यायची. वर्षअखेरीला तिचं गणित घसरलं. मी तिच्या प्रगतिपुस्तकात 'अधिक प्रयत्न आवश्यक' असं लिहिलं. माझ्याच हाताने.

आता फिक्स्ड गिअरचं सांगतो. गेल्या वर्षी तारकर्लीला उतरलेला एक पर्यटक हवा भरायला मेस्त्रींकडे आला होता. मीही तिथे होतो. त्याच्या सायकलीला फ्री नव्हती. साध्या सायकलीत पाय थांबवले तरी चाक पुढे जात राहतं आणि मागून कटकट आवाज येतो, तो फ्रीचा. याच्या सायकलीत मागचं चक्र चाकाला घट्ट बसवलेलं. चाक फिरेल तोवर पायडल फिरणार, म्हणजे पायही फिरणार. पाय रोखून धरले की चाक थांबणार. बारीक, स्वच्छ सायकल, एकही जादा वस्तू नाही. मी ती दोन-तीनशे मीटर चालवून पाहिली आणि माझं ठरलं. माझी जुनी हिरवी सायकल पडवीत टांगलेली होती. तिची फिक्स्ड करायची.

अशा सायकलीत खरा प्रश्न एकच असतो, मागे किती दाते. गिअर बदलता येत नाही, एकदा निवडलं की सपाटीला तेच, चढाला तेच आणि उताराला तर पाय त्याच वेगाने गरगरणार. मी शाळेची एक कोरी वही घेतली आणि तक्ता मांडला. सोळा दाते, दोन पूर्णांक पंच्याहत्तर, सपाटीला मजा पण घाटीवर मरण. सतरा, दोन पूर्णांक एकोणसाठ. वीस, दोन पूर्णांक दोन. बावीस, बरोबर दोन. प्रत्येकासमोर मी टिपणं लिहिली. चव्वेचाळीस आणि बावीस नको, कारण पाय रोखून सायकल थांबवताना टायर दर वेळी त्याच त्या जागी घासतं आणि तिथेच फाटतं. सतरा त्या बाबतीत उत्तम, दर वेळी वेगळी जागा येते. अठराही चांगले. वाऱ्याचाही विचार केला. आमच्याकडे सकाळी वारा डोंगराकडून आणि दुपारी समुद्राकडून, म्हणजे कॉलेजला जाताना आणि येताना दोन्ही वेळा तो माझ्या पाठीला असायचा. हे पूर्वी कधी लक्षातच आलं नव्हतं. वहीत लिहिलं आणि पुढे गेलो.

शेवटी या सगळ्या तक्त्यावर एक गोष्ट भारी पडली. अठराची मला खात्री होती. तीन वर्षं, पावसाळ्यासकट, त्यावर मी चढलो होतो. ज्याचा अनुभव आहे ते निवडावं, असं मी मुलांना सांगतो. तरी मेस्त्रींना विचारल्याशिवाय हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, ऑर्डर कशी देणार? वही घेऊन तिठ्यावर गेलो. ते एका चाकाचे स्पोक आवळत होते. रिक्षावाला दारातल्या बाकावर पेपर वाचत होता.

मेस्त्रींना हल्ली ऐकू कमी येतं. मी मोठ्याने सगळं सांगितलं.

"ही सर्कशीतली सायकल," ते म्हणाले. "पाय थांबूक मिळाचे नाय. उतरताना काय करतलंस?"

"फुडचो ब्रेक ठेवतलंय."

"आणि चढताना?" त्यांनी चाक फिरवून कानाशी धरलं. "बावीस घे."

मी हसलो. "मेस्त्री, बावीस म्हाताऱ्यांका. मी अठरावर चढत होतंय तां इसारल्यात?"

रिक्षावाल्याने पेपर खाली केला. मेस्त्रींकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

मेस्त्री बराच वेळ त्याच एका स्पोकला पाना लावून बसले. मग म्हणाले, "चढत होतंस, तां खरा." आणि थोड्या वेळाने, "मगे अठरा घे. तुझ्या पायात दम आसा."

मी वहीत लिहिलं, मेस्त्रींची संमती. खाली तारीख घातली.

त्यानंतर दोन महिन्यांत मेस्त्रींनी दुकान बंद केलं. डोळे साथ देत नव्हते. लेकीचं घर दोडामार्गला आहे, तिच्या सासरची काजूची बाग आहे, तिथे ते राहायला गेले. जाताना मी त्यांच्या पाया पडलो, शाल दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या आलं नाही. ते म्हणाले, "सायकल सांभाळून चालव."

हब कुरियरने आला. मी स्वतः चाक बांधलं. जुनं मागचं चाक फ्रीसकट काढून पडवीतल्या खुंटीला लावलं. जुनी चेन नव्या चक्रावर सैल पडत होती, एक जोडी कड्या जास्त. चेन वर्षानुवर्षांत ताणली जाते, म्हणून मी नवीच घातली. पदार्थविज्ञानाचा पदवीधर! दाते मोजायला एक मिनिट पुरेल एवढी गोष्ट, पण ते मनात आलंच नाही. मेस्त्रींनी एकदा सांगितलेलं मोजायचं कशाला?

रविवारी सकाळी मी घाटीच्या पायथ्याशी गेलो. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. त्यापुढे पाय जड होत गेले. पायडल वर येईना. फिक्स्ड सायकलीत दमून क्षणभर पाय थांबवायचीही सोय नाही. दुसऱ्या वळणावर सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि मी कसाबसा पाय टेकला. शर्ट चिंब. हृदयाचे ठोके कानात.

वळणावर एसटीचा थांबा आहे. तिथे ती मुलगी आपल्या आईबरोबर उभी होती. आता दहावीत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "सर, उतरलात?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

पुढच्या दोन रविवारी मी पुन्हा प्रयत्न केला. हवा जास्त भरली, सीट वर घेतली, सकाळी नाचणीची पेज पिऊन गेलो. प्रत्येक वेळी दुसरं वळण. वय झालं, असं मी मनाची समजूत घातली. पण वय वाढलं तर माणूस आधी दमतो, पायाखालचं पायडल असं दगडासारखं का होईल? मला आठवणारी घाटी आणि ही घाटी यात काहीतरी हिशोब चुकत होता. तिसऱ्या रविवारी दुपारी मी पडवीतलं जुनं चाक खाली काढलं.

ग्रीस वाळून दगड झालं होतं. रॉकेलने धुतलं. एका दात्यावर खडूची खूण केली आणि मोजत गेलो. एक, दोन, तीन. अठरानंतर खूण यायला हवी होती. आली नाही. एकोणीस. वीस. एकवीस. बावीस, आणि मग खूण.

पुन्हा मोजलं. मग चाक उलटं करून मोजलं. आई आतून म्हणाली, "जेवक ये रे." मी गेलो नाही.

आणि तेव्हा मला तो टक आठवला. एक पायडल, दोन टक. हायड्रोजन एक, ऑक्सिजन दोन. मागे अठरा असते तर नऊ पायडलना बावीस टक पडले असते, ताल सतत निसटत राहिला असता, त्यावर पाठांतर करताच आलं नसतं. बरोबर दोन टक म्हणजे बरोबर दुप्पट, म्हणजे चव्वेचाळीसला बावीस. तीन वर्षं माझी सायकल मला चढावर दर फेरीला खरं सांगत होती, आणि मी तिच्या तालावर विज्ञान पाठ करत होतो.

संध्याकाळी तिठ्यावर गेलो. मेस्त्रींच्या शेडला कुलूप. काकीची टपरी चालू होती. ती चहा गाळत होती.

"काकी, माझ्या कॉलेजच्या सायकलीक मागे किती दाते होते, तुका म्हायत आसा?"

"बावीस," ती म्हणाली. मान वर केली नाही. "कोणी सांगल्यान तुका?"

"कोणी नाय. मोजलंय."

"मोजलंस?" आता तिने पाहिलं. "शिकलंस तेचो उपयोग झालो म्हणायचो."

"म्हणजे सगळ्यांका म्हायत होता?"

"सगळे म्हणजे कितीशे रे? मी, हो रिक्षेवालो, तो टपालवालो. आणि तुझो बापूस."

"बाबांका पण?"

"तेका सांगल्याशिवाय कसा करतलो मेस्त्री?" तिने माझ्यासमोर ग्लास ठेवला. "तू तेव्हा कसो होतंस, आठवता? वारो इलो तर उडालो असतंस. मेस्त्री म्हणालो, अठरावर हो चार दिवस जायत आणि पाचव्या दिवशी घराक बसात. बावीस सांगलंय तर कॉलेजातली पोरां म्हाताऱ्याची सायकल म्हणान हसतली. म्हणान बावीस लावया, अठरा सांगया."

"आणि गाऱ्हाणा? देवासमोर पण खोटा?"

"गाऱ्हाण्यात खंय सांगल्यान? मी बाजूक नारळ धरून उभी होतंय. गाऱ्हाण्यात तेणी आकडो घेतल्यानच नाय. मेस्त्री देवाकडे खोटा बोलाचो नाय."

मी चहा तसाच ठेवून निघालो. मागून ती म्हणाली, "अरे, पण चढलंस मां? पास झालंस मां?"

घरी बाबांना विचारलं. ते सुंभ वळत होते. म्हणाले, "तू चढत होतंस. मगे काय सांगूचा होता?" आणि सुंभ वळत राहिले.

काकीचं देवाबद्दलचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. मेस्त्री देवाशी खोटं बोलले नाहीत. तिथे त्यांनी जपून शब्द वापरले. माझ्याशी बोलताना त्यांना तशी गरज वाटली नाही. आणि मी त्यांनी सांगितलेलं सगळं खरं धरून बसलो, कारण ते गाऱ्हाण्याच्या दिवशी, गाऱ्हाण्याच्या जागी सांगितलेलं होतं.

मला कोणी म्हणेल, अरे, त्यांनी तुझ्या भल्यासाठी केलं. ते मला कळतं. बावीस लावली यात काहीच वाईट नव्हतं, मीही तेच केलं असतं. पण रोज संध्याकाळी 'दम आसा' म्हणायची काय गरज होती? त्या शब्दांवर मी एक माणूस उभा केला, जो दुसऱ्याच्या मदतीशिवाय घाटी चढतो. तो माणूस फिजिक्स शिकला, शिक्षक झाला, आणि दारात उभ्या असलेल्या एका मुलीला म्हणाला, उतरायचं नाही, मी अठरावर चढत होतो. तिच्या मागे खरोखरच अठरा होते. माझ्या मागे कधीच नव्हते.

आणि गेल्या वर्षी त्यांना सांगायची संधी होती. मी वही घेऊन समोर उभा होतो. रिक्षावाला जाणून होता, ते जाणून होते, मी एकटाच हसत होतो.

मेस्त्रींना फोनवर ऐकू येत नाही. लेक सांगते, मोठ्या अक्षरात लिहिलेलं ते अजून वाचतात. म्हणून मी पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं, पाचव्यांदा टाकलं. माझ्याजवळ ठेवलेली नक्कल खाली देतो.

तीर्थस्वरूप मेस्त्री यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व ठीक आहोत. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन पावसाळ्याआधी होणार असं कळलं. सोबत कोणी हवं असल्यास मी रजा घेऊन येईन. खालचं वाचून झाल्यावरही येईन, ते वेगळं.

मी जुन्या सायकलीचे दाते मोजले. बावीस आहेत. तिठ्यावर विचारलं, सगळ्यांना माहीत होतं. बाबांनाही. मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. तुमच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही.

फिक्स्ड सायकलवर मी घाटी चढू शकलो नाही. तीनदा उतरलो. तुम्ही बावीस सांगितलं होतं, मी हसलो, ती चूक माझी. पण नंतर तुम्ही अठरा घे म्हणालात. ते का म्हणालात, हे मला समजत नाही. समोर रिक्षावाला होता म्हणून माझी लाज राखलीत, की स्वतःची?

माझ्या शाळेत एक मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिला सगळ्या वर्गासमोर तुमची गोष्ट सांगून लाजवलं आणि तिने सायकल सोडली. गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. तिच्या आईसमोर तिला सांगितलं की मी चढलो तो बावीसवर, आणि तुला जे बोललो ते खोटं होतं. तुमची ती जुनी फ्री धुऊन तिच्या सायकलीला बसवली. बसवण्याआधी तिला दाते मोजायला लावले. तिने दोनदा मोजले. गाऱ्हाणं घातलं नाही. काल ती दुसऱ्या वळणाच्या थोडं पुढपर्यंत गेली आणि उतरली. मी तिला दम आहे असं म्हटलं नाही. उद्या बघू, एवढंच म्हटलं.

जूनमध्ये नवीन वर्गाला काय सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमचे उपकार मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. सायकल नसती तर मी आज हे पत्र लिहायला शिकलेलाच नसतो. पण घाटी अर्धी तुमच्या चार दात्यांनी चढली, हे मला तेव्हाच सांगितलं असतंत तर मी काही कॉलेज सोडलं नसतं. इतका कच्चा मी तुम्हाला वाटलो, हे सगळ्यात जास्त लागलं.

एकच विचारायचं आहे. तीन वर्षं रोज मला 'दम आसा' म्हणालात. त्यातलं एकदा तरी तुम्हाला खरं वाटून म्हणालात का? हो किंवा नाही, एवढंच लेकीकडून लिहवून पाठवा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

आपला नम्र.